एकाच कार्डावर एकाहत्तर हजेऱ्या

१७८/१०४.

साडेपाच वाजता आठ वाजतात.

रात्रपाळीचा माणूस सकाळी सात वाजता गेटबाहेर पडला, तरी त्याची हजेरी आदल्या तारखेलाच लागते. हे मत नाही, नियम आहे.

इंग्लंडमधल्या लेस्टर नावाच्या गावात मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळी माणसं घड्याळ एक तास पुढे करतात आणि त्याबद्दल कोणालाही मेमो मिळत नाही.

गोळ्यांची डबी. सात झाकणं. सातांवर अरबी अक्षरं. पहिलं झाकण रविवारचं.

कडुनिंब कुठेही वाढतो.

माणसाला मनगटं दोन असतात.

विजयकुमारांनी ती दोन्ही वापरली होती. डाव्या मनगटावर त्यांचं जुनं, किल्लीचं घड्याळ होतं आणि त्यात भारतातली वेळ होती. उजव्या मनगटावर मुलाने, म्हणजे अनुरागने, बळेच बांधलेला काळा पट्टा होता. त्यात सौदीची वेळ, चाललेली पावलं आणि झोपेचे तास दिसत. त्या पट्ट्याकडे विजयकुमार कामावर पिऊन आलेल्या कामगाराकडे बघावं तसं बघत. पिऊन आलेल्यांचा त्यांना अनुभव होता. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली होती. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला आणि कोणी कोणाचं कार्ड पंच केलं, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसे.

अशा माणसावर वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी वेळेत गोळी घेता येत नसल्याचा आरोप झाला होता.

झालं होतं एवढंच, की जानेवारीत नाशिकला एके दिवशी त्यांनी रक्तदाबाची सकाळची गोळी दोनदा घेतली. एकदा. आयुष्यात एकदा. ही गोष्ट शेजारच्या बाईंनी लेस्टरला नूपुरला कळवली. नूपुर ही त्यांची मुलगी. तिने ती सौदीत दम्मामला भावाला सांगितली आणि बातमी लेस्टरहून दम्मामला पोचेपर्यंत दोनाच्या चार गोळ्या झाल्या. महिन्याभरात विजयकुमार आणि शीलाताई व्हिजिट व्हिसावर दम्मामच्या चौथ्या मजल्यावर येऊन दाखल झाले. शीलाताईंनी कपडे आवरले, डबे भरले, बीपीचं मशीन आठवणीने पिशवीत घातलं. विजयकुमारांनी फक्त संताप बरोबर घेतला. त्याला वजनाची मर्यादा नसते.

"बाबा, आता तुम्ही दोघं इथेच राहा," अनुराग म्हणाला. तो रास तनुराला रिफायनरीत एका कंत्राटदार कंपनीचा इंजिनिअर होता आणि घरातही शटडाऊनची मीटिंग घ्यावी तसा बोले. "व्हिसा वाढवता येतो. मी चौकशी केलीय."

"मी कुठे राहायचं याची चौकशी तू कोणाकडे केलीस?"

"तिकडे गोळ्या कोण बघणार तुमच्या?"

"मी."

"जानेवारीत बघितल्यात ना."

यावर विजयकुमार दोन दिवस बोलले नाहीत. शेवटी सुनेने, मंजिरीने, मार्ग काढला. ती एका खाजगी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती आणि रुसलेल्या गुडघ्यांशी बोलायची तिला सवय होती. "बाबा, पंधरा दिवस. रोज दोन वेळा बीपी मोजायचं, दोन वेळा गोळी घ्यायची, सगळं वहीत लिहायचं. आम्ही कोणी आठवण करून देणार नाही. नीट झालं तर सहा एप्रिलचं तिकीट पक्कं. नाही झालं तर मात्र व्हिसा वाढवायचा आणि तुम्ही कुरकुर करायची नाही."

"म्हणजे प्रोबेशन."

"तसं समजा."

विजयकुमार स्वयंपाकघरात गेले. शीलाताई मेथी निवडत होत्या. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी प्रोबेशन," ते म्हणाले. "माझ्यावर."

"कायम होईपर्यंत जरा जपून राहा मग," शीलाताई म्हणाल्या.

तेरा मार्चला प्रोबेशन सुरू झालं आणि पहिल्याच सकाळी भांडण झालं. विजयकुमार त्यांच्या आठ वाजता, म्हणजे सौदीच्या साडेपाच वाजता, उठून बीपी मोजायला बसले होते. अनुराग पाणी प्यायला उठला होता.

"बाबा, मशीनमध्ये इथली वेळ लावा. पट्टा आहे ना हाताला."

"गोळी अकरा वर्षं आठला चाललीय. मी सहा एप्रिलला परत जाणार. मग अडीच तास मागे करायचे आणि तीन आठवड्यांनी परत पुढे करायचे, हा उद्योग कशासाठी? शरीराला व्हिसा नसतो, अनुराग."

"इथे सगळे इथल्या वेळेने चालतात."

"कोण चालतं?"

हा प्रश्न रास्त होता. एक मार्चला रमजान लागला होता. घड्याळ कोणी हलवलं नव्हतं, बाकी सगळं हलवलं होतं. नात ईशा हिची शाळा साडेनऊला भरू लागली होती. अनुराग चारच्या सुमाराला घरी परतून आडवा होई. मंजिरीचं हॉस्पिटल दोन तुकड्यांत चाले आणि जेवणाची सुट्टी असली तरी उपाशी सहकाऱ्यांच्या देखत डबा उघडायला तिला कसंतरी वाटे, म्हणून तीही दिवसभर पाण्याशिवाय राही. दुपारी दुकानांना कुलपं आणि संध्याकाळी रस्त्यांना पूर. या सगळ्यात जागेवरून तसूभरही न हललेला माणूस एकच होता आणि अडेलपणाचा शिक्का त्याच्यावरच बसला होता.

त्यांचं वेळापत्रक असं. डावं मनगट प्रमाण. आठला पाच मिनिटं शांत बसून बीपी, वही, गोळी. आठ वाजून दहा मिनिटांनी घराबाहेर. समुद्राकाठी चालणं. नऊला परत. साडेदहाला अंघोळ. संध्याकाळी आठला पुन्हा बीपी, वही, गोळी. दाराबाहेर पाऊल ते दारात पाऊल, पन्नास मिनिटं. एक्कावन्नावं मिनिट झालं तर वहीत कारण. "सिग्नल."

आठवण कोणी करायची नाही असं ठरलं होतं. संध्याकाळी ठोक आठला, म्हणजे सौदीच्या साडेपाचला आणि लेस्टरच्या अडीचला, नूपुरचा व्हिडिओ कॉल येई.

"बाबा, आठवण नाही करत आहे हं. सहज फोन केला."

"रोज अडीचला तुला सहज होतंय."

"माझा लंच ब्रेक असतो."

अठरा तारखेला तर कहर झाला. मंजिरीने आणलेल्या गोळ्यांच्या डबीवर वारांची नावं अरबीत होती आणि आठवडा रविवारी सुरू होत होता. विजयकुमारांचा आठवडा सोमवारी सुरू होई. त्यांनी पहिल्या कप्प्याच्या तळाला 'सोम' अशी चिठ्ठी चिकटवली आणि पुढे चालू लागले. मंगळवारी दुपारी मंजिरीने डबी सहज उचलली. तिला अरबी वार वाचता येत होते. मंगळवारचा कप्पा भरलेला. तिने रास तनुराला फोन केला, अनुरागने लेस्टरला फोन केला, आणि लेस्टरहून विजयकुमारांना विचारणा झाली, "बाबा, सहज विचारते, आज तिकडे मंगळवारच आहे ना?"

विजयकुमारांनी फोन शीलाताईंच्या हातात दिला. "हिला सांग, मी चौतीस वर्षं पगारपत्रकं काढली आहेत. मला वार माहीत आहेत."

"आहे गं मंगळवार," शीलाताई म्हणाल्या. "तुमच्याकडे काय आहे?"

असे पंधरा दिवस पार पडले. सत्तावीस मार्चच्या संध्याकाळी वहीत तीस नोंदी होत्या. खाडाखोड शून्य. सर्वांत वरचा आकडा १३२, सर्वांत खालचा १२४. रविवार लाल शाईने. शुक्रवारी सुट्टी होती, तेव्हा सकाळी सगळ्यांसमोर वही उघडली गेली आणि मंजिरीसुद्धा म्हणाली, "बाबा, असा चार्ट आमच्या हॉस्पिटलात कोणी ठेवत नाही."

"तुमच्याकडे टाइमकीपर नसेल," विजयकुमार उदारपणे म्हणाले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मंजिरीने मशीन हातात घेतलं आणि ताळा म्हणून आठवणींचं बटण दाबलं. मशीन जुनी रीडिंग आपोआप साठवून ठेवतं, हे तिला पेशामुळे माहीत होतं. तारीख तेरा ते सत्तावीस. तिने एकदा मोजली, परत मोजली.

"बाबा. वहीत तीस आहेत. मशीनमध्ये एकाहत्तर."

विजयकुमारांनी वहीतून डोकं वर काढलं.

"काय एकाहत्तर?"

"रीडिंग. हे बघा, १७८/१०४. हे ९४/६०. हे १५२/९२. हे तुम्ही वहीत लिहिलेलंच नाही."

"आजोबा, यू चीटेड?" ईशाने विचारलं. तिच्या आवाजात धक्का नव्हता, आदर होता.

आता हे लिहिताना सुद्धा संताप होतो. ज्या माणसाने साहेबाच्या मेहुण्याचा सुद्धा 'लेट मार्क' पुसला नाही, त्याच्यावर हजेरीपुस्तकात लबाडी केल्याचा आरोप, आणि तोही पोह्यांची बशी हातात असताना. विजयकुमारांनी बशी खाली ठेवली. "मी तीस वेळा मोजलं. एकतिसाव्यांदा मोजलेलं नाही."

"मग ही बाकीची एकेचाळीस कोणाची?"

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, कारण ती त्या खोलीत कोणी सांगितली नाही. मंजिरीने पंधरा दिवसांत त्या मशीनवर स्वतःचं बीपी गुपचूप मोजलं होतं. सकाळी आठला, कामावर निघताना. मशीन हातात आल्याबरोबर तिने आधी सकाळचे आठ शोधले होते. आठला फक्त बाबांची नीटस रीडिंग होती. आपली साठवली गेली नाहीत, असं समजून तिने सुटकेचा श्वास सोडला होता. अनुरागनेही मोजलं होतं. दुपारी साडेचारला, कामावरून आल्यावर. त्याने मंजिरीच्या खांद्यावरून वाकून साडेचार शोधले. साडेचारला काहीच नव्हतं. त्याचाही श्वास सुटला. मशीन भारताच्या वेळेवर आहे, म्हणजे तिचे आठ तिथे साडेदहा होऊन बसले आहेत आणि त्याचे साडेचार संध्याकाळचे सात, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दोघंही उच्चशिक्षित होते.

१७८/१०४ हा आकडा आपण कुठेतरी पाहिला आहे असं अनुरागला वाटलं. पण आपला साडेचारचा होता, हा सातचा. म्हणजे बाबांनाही तेवढंच असतं. आनुवंशिक असतं म्हणतात, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला वडिलांबद्दल अचानक फार माया वाटली.

"बाबा, ओरडत नाही कोणी," तो हळू आवाजात म्हणाला. "लपवायचं कशाला? होतं असं वयाने."

"मशीन बिघडलं असेल," शीलाताई म्हणाल्या आणि बशा गोळा करू लागल्या.

शनिवारी दुपारी डॉक्टर. डॉ. उस्मान मूळचे खेडचे. रोज्यांचा एकोणतिसावा दिवस, ओठ सुकलेले, तरी मराठी बोलायला मिळतंय म्हणून खुशीत होते. त्यांनी एकाहत्तर आकडे खालीवर केले.

"काका, तुमचं बीपी म्हणजे आमचा परशुराम घाट हो. आत्ता चढ, आत्ता उतार, मधे वळण. एका माणसाचं दिवसात ९४ आणि १७८?"

"एका माणसाचं नाहीच आहे ते."

"मशीन तुमचंच ना?"

"कार्ड माझं आहे. पंच दुसऱ्याचे आहेत."

डॉक्टरांनी मंजिरीकडे पाहिलं. मंजिरीने, लक्ष देऊ नका, अशी मान हलवली. विजयकुमारांनी ती मान पाहिली.

"काका, तुमचं बीपी चोरून कोण मोजणार?"

"माझं नाही मोजत. स्वतःचं मोजतात."

"बरं, आपण असं करू," डॉक्टर वकिलासारखे म्हणाले. "ईदनंतर तुमच्या दंडाला चोवीस तासांचं यंत्र लावू. ते बघून नवी गोळी. तोवर चालू आहे तीच. पण सहा तारखेचं विमान विसरा. असं हलतं बीपी घेऊन मी तुम्हाला पाठवणार नाही. महिनाभर तरी."

खाली गाडीत बसल्याबरोबर अनुरागने तिकीट रद्द करायला फोन काढला.

"सोमवारपर्यंत थांब," मागच्या सीटवरून आवाज आला.

"कशाला, बाबा?"

"चौकशी चालू असताना शिक्षा देत नाहीत."

त्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी आली, खालच्या रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, आणि विजयकुमार जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसले. मशीनचं बटण एकाहत्तर वेळा दाबून त्यांनी एकाहत्तर नोंदी उतरवल्या. मग रकाने पाडले.

*मशीनची वेळ. इथली वेळ. मी कुठे. घरात कोण.*

बोगस पंच पकडायचे असतील तर माणसाकडे बघायचं नसतं. माणूस शपथेवर खोटं बोलतो. वेळ बोलत नाही. दुसऱ्याचं कार्ड पंच करणारा माणूससुद्धा ते रोज ठरल्या मिनिटालाच करतो, हे विजयकुमारांना पहिल्या पाच वर्षांत कळलं होतं. एकेचाळीस नोंदी त्यांच्या डोळ्यांसमोर आपोआप तीन पाळ्यांत उभ्या राहिल्या.

पहिली पाळी, संध्याकाळी सात, चौदा नोंदी. दुसरी पाळी, सकाळी साडेदहा, बारा नोंदी.

तिसरी पाळी, सकाळी आठ-वीस. पंधरा नोंदी. एकही खाडा नाही.

तिसऱ्या पाळीपाशी त्यांनी पेन ठेवलं. चष्मा पुसला. स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा चक्का बांधल्याचा, फडक्याला गाठ मारल्याचा आवाज येत होता. 'घरात कोण' हा रकाना त्यांनी त्या पंधरा ओळींपुरता कोरा सोडला.

दुसऱ्या दिवशी रविवार, तीस मार्च. ईदही आणि पाडवाही. चालून येताना विजयकुमारांनी फुटपाथवरच्या कडुनिंबाची डहाळी आणली. दिवाणखान्यात खिडकीशी मंजिरीची पैठणी आणि तांब्या चढवून हातभर उंचीची गुढी उभी राहिली. वरच्या मजल्यावरून शीरखुर्मा आला, वरच्या मजल्यावर श्रीखंड गेलं. सगळे घरात होते. विजयकुमारांनी ठरवलं होतं की सातला, म्हणजे इथल्या साडेचारला, मशीन ठेवलेल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचं. गुन्हेगार रंगेहाथ.

सातला पाच कमी असताना ते खुर्ची उचलायला उठले आणि बरोबर सातला फोन वाजला. नूपुर.

"बाबा, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा. सहज केला हं फोन."

"नूपुर, तू एक तास लवकर आहेस."

"छे. अडीच वाजलेत."

"तुझे वाजले असतील. माझे सात वाजलेत."

"अरे हो, आज आमची घड्याळं पुढे गेली. दरवर्षी मी विसरते. असू दे, गुढी दाखवा."

विजयकुमारांच्या तोंडचं पाणी पळालं. चौतीस वर्षांत एकही पाळी त्यांनी चुकवली नव्हती, आणि लेस्टरच्या लोकांनी घड्याळाशी खेळ केल्यामुळे सापळा वाया जात होता. त्यांनी फोन ईशाच्या हातात कोंबला. "आत्याला गुढी दाखव. सगळ्यांना दाखव. मला काम आहे."

ईशा आज्ञाधारक निघाली. तिने गुढी दाखवली, आजी दाखवली, श्रीखंड दाखवलं, मग "पापा को भी हाय बोलो" म्हणत विजयकुमारांच्याही पुढे जाऊन खोलीचं दार उघडलं.

"दादा," फोनमधून नूपुर म्हणाली, "तुझ्या दंडाला काय आहे ते?"

अनुराग पलंगावर बसला होता. दंडावर पट्टा फुगत होता. फुगताना माणसाला हालता येत नाही, हा त्या मशीनचा मोठाच गुण आहे. सगळं घर दारात जमेपर्यंत तो तसाच बसून राहिला आणि मग मशीनने शांतपणे सुस्कारा सोडला. १७४/१०२.

"सहज," अनुराग म्हणाला. "बाबांचं मशीन नीट चालतंय का बघत होतो."

"किती वेळा बघितलंस?" मंजिरीने विचारलं.

"चौदा वेळा," विजयकुमार म्हणाले आणि वही उघडली. "आजचं धरून पंधरा. इथल्या साडेचारला. तेरा तारखेला १६८. सोळाला १७०. बाविसाला १७८."

"ते १७८ तुझं होतं?" मंजिरीचा आवाज चढला. "आणि तू काल डॉक्टरसमोर गप्प बसलास?"

"मला वाटलं ते बाबांचं आहे. सातचं होतं ते."

"मशीन भारतात आहे," विजयकुमार म्हणाले. "तुम्ही इथे आहात."

"ईदनंतर कंपनीची वार्षिक मेडिकल आहे," अनुराग खाली बघत म्हणाला. "मी म्हटलं तोपर्यंत येईल खाली."

"रोज मोजून?"

"मोजलं की बरं वाटायचं. मशीन तरी लक्ष देतंय."

"आणि आता सकाळी साडेदहाची बारा," विजयकुमारांनी पान उलटलं. "म्हणजे तुमचे आठ. तेव्हा मी अंघोळीला. शीला बाल्कनीत कपडे वाळत घालत असते. ईशा तोंड धूत असते. अनुराग गेलेला. ९४/६०. ९६/६२."

सगळ्यांनी मंजिरीकडे पाहिलं.

"थांबा," नूपुर फोनमधून म्हणाली. "चहा घेऊन येते. कोणी बोलू नका."

"मला चक्कर येत होती," मंजिरी म्हणाली. "दिवसभर पाणी नाही पीत ना. कोणाला सांगायचं? मीच सगळ्यांना पाणी प्या म्हणून सांगत फिरते."

"म्हणजे," विजयकुमार म्हणाले, आणि पंधरा दिवसांचा संताप आता त्यांच्या आवाजात सावकाश, रकान्यांत उतरल्यासारखा येऊ लागला, "वरचा आकडा मुलाचा, खालचा सुनेचा, आणि घाट माझ्या नावावर. माझ्या डबीतल्या कप्प्यावरून तीन देशांत फोन झाले. मला वार विचारले. नातीसमोर लबाड ठरवलं. या घरात औषध वेळेवर घेणारा, पाणी वेळेवर पिणारा, झोप वेळेवर घेणारा माणूस एकच आहे, आणि प्रोबेशनवर कोण? तर तो."

नूपुरने चहाचा घोट घेतल्याचा आवाज लेस्टरहून आला.

"पण बाबा," मंजिरी वहीत बघत म्हणाली, "चौदा आणि बारा सव्वीस झाले. अजून पंधरा राहतात. ही सकाळी आठ-वीसची. १५२, १४८, १५४. ही कोणाची?"

शीलाताई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती आणि चमचा वाटीत तसाच राहिला होता.

विजयकुमारांनी वही स्वतःकडे घेतली. "ती माझी."

"तुमची?"

"चालून आल्यावर लगेच घेतलेली. माझ्या समाधानासाठी."

"मग वहीत का नाही लिहिलीत?"

"राहिलं. चुकलं."

'चुकलं' हा शब्द त्या आवाजात घरातल्या कोणी पूर्वी ऐकला नव्हता, त्यामुळे पुढे विचारायचं कोणालाच सुचलं नाही. विजयकुमारांनी खिशातून पेन काढलं, कोऱ्या सोडलेल्या रकान्यात पंधरा ओळींना मिळून एक महिरपी कंस काढला, समोर 'स्वतः' असं लिहिलं आणि खाली सही केली. आठ-वीसला विजयकुमार अजून समुद्राकाठीच असतात हे त्या खोलीत एकाच व्यक्तीच्या लक्षात आलं, आणि ती श्रीखंड वाढायला निघून गेली.

डॉ. उस्मानना ईद मुबारक म्हणायला फोन केला, त्यातच निकाल लागला. "चालून आल्यावरची धरायची नाहीत हो, ती वाढणारच," ते म्हणाले. "उरली तीस. काका, तुमच्यासारखं बीपी माझं असतं तर. सहा तारखेला खुशाल जा. त्या अनुरागला मात्र मंगळवारी माझ्याकडे पाठवा, आणि मंजिरीला सांगा पाणी पी."

अनुरागला गोळ्यांची दुसरी डबी मिळाली. तळाला 'सोम' चिकटवलेली. शिवाय एक कोरी वही. "पंधरा दिवस," विजयकुमार म्हणाले. "दोन वेळा. खाडाखोड चालणार नाही. मी नाशिकहून फोन करीन. वेळ भारतातली."

"बाबा, इथे सगळे..."

"आठवण नाही करणार. सहज करीन."

सोमवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे साडेपाच वाजता, घर झोपलेलं असताना विजयकुमारांनी स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी भरलं आणि टेबलावर ठेवलं. शीलाताई उठून आल्या.

"दोन कशाला?"

"चुकून भरला गेला."

शीलाताई समोरच्या खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. विजयकुमार डाव्या मनगटाकडे बघत राहिले.

"नाशिकला पोचलो की दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊ," ते म्हणाले. "तू हे पंधरा दिवस चोरून मोजत होतीस, तसं आता नको. आठला. माझ्याबरोबर. वहीत दोन रकाने करतो."

"इथे कळलं असतं तर व्हिसा वाढवला असता त्यांनी," शीलाताई म्हणाल्या.

"हो."

"आज चालायला नाही जायचं? आठ-दहा झाले."

"जायचंय. चप्पल घाल तूही."

वहीत त्या दिवशी चालायला बासष्ट मिनिटं लागल्याची नोंद आहे. कारण लिहिलेलं नाही.

बीपीचं मशीन नोव्हेंबरमध्ये नाशिकरोडच्या एका दुकानातून घेतलेलं होतं आणि त्याच्या वॉरंटी कार्डावर नाव शीलाताईंचं आहे.